ऐतिहासिक विद्यापीठ ग्रंथालयाचे नूतनीकरण : ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचा अनुभव आणि आपल्यासाठी बोध

प्रस्तावना

जुन्या विद्यापीठांची व महाविद्यालयांची ग्रंथालये आज एका विचित्र पेचात सापडली आहेत. त्यांच्या वास्तू वारसा म्हणून जपावयाच्या आहेत, ग्रंथसंग्रह दरवर्षी वाढतो आहे आणि विद्यार्थ्यांना मात्र शांतपणे बसण्यासाठी, गटाने अभ्यास करण्यासाठी, संगणकावर काम करण्यासाठी जागा हवी आहे. वास्तूच्या भिंती तेवढ्याच राहतात. त्यांच्या आत मागण्या वाढत जातात. अशा वेळी व्यवस्थापन सामान्यतः वास्तुविशारदाला पाचारण करते आणि आराखड्यापासून कामास प्रारंभ होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा क्रम उलटा असावयास हवा. कोणते ग्रंथ वास्तूत राहावेत, कोणते अन्यत्र जावेत आणि गेलेला ग्रंथ वाचकाच्या हाती किती वेळात परत यावा, हे आधी ठरले तरच नूतनीकरण सफल होते. या निर्णयात अध्यापकांचा वाटा मोठा असल्याने हा विषय केवळ ग्रंथपालांचा किंवा बांधकाम समितीचा राहत नाही.

हे प्रतिपादन स्पष्ट करण्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाचे उदाहरण घेतले आहे. या उदाहरणाचा मुंबईशी एक कौटुंबिक म्हणावा असा संबंध आहे. ऑक्सफर्डच्या ज्या इमारतीचे नूतनीकरण येथे विचारात घेतले आहे, तिचा आराखडा सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी केला होता. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई टॉवर यांचा आराखडा त्यांचे आजोबा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा.

बॉडलियनची चार शतकांची वाढ

सर थॉमस बॉडली यांनी १५९८ मध्ये ऑक्सफर्डच्या उद्ध्वस्त झालेल्या जुन्या ग्रंथालयाचे पुनरुज्जीवन करण्याची तयारी दर्शविली आणि १६०२ मध्ये ते वाचकांसाठी खुले झाले. १६१० मध्ये बॉडली यांनी लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी करार केला. त्यानुसार संघाकडे नोंद होणाऱ्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयास मिळावयाची होती. पुढे कायद्याने रूढ झालेल्या प्रत-अर्पणाच्या पद्धतीचे हे एक प्रारंभीचे रूप होय.

या कराराने ग्रंथालयाला संपन्न केले, तसेच कायमचे अडचणीतही टाकले. येणाऱ्या ग्रंथांवर मर्यादा नाही आणि घरी नेण्यासाठी ग्रंथ द्यावयाचे नाहीत, हे धोरण असल्यावर संग्रह फक्त वाढतच राहणार. सतराव्या शतकात मूळ दालनाच्या दोन्ही टोकांना नवी दालने जोडली गेली. १८६० च्या सुमारास शेजारची रॅडक्लिफ कॅमेरा ही घुमटाची वास्तू वाचनकक्ष म्हणून उपयोगात आली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी रॅडक्लिफ चौकाच्या खाली भुयारी ग्रंथभांडार बांधण्यात आले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी अखेरच्या सूत्रात ग्रंथालयाला वाढत्या सजीवाची उपमा दिली आहे. बॉडलियनचा इतिहास म्हणजे जणू त्या सूत्राचे भाष्यच होय.

नव्या बॉडलियनची रचना आणि तिचे दोष

भुयारी भांडारही अपुरे पडू लागल्यावर ब्रॉड स्ट्रीटच्या पलीकडील बाजूस 'न्यू बॉडलियन' ही इमारत बांधण्याचे ठरले. १९३७ ते १९४० या काळात ती उभी राहिली. खर्चाचा सुमारे ६० टक्के भार अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने उचलला. दुसऱ्या महायुद्धामुळे औपचारिक उद्घाटन १९४६ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते झाले. त्या प्रसंगी चांदीची किल्ली कुलपातच मोडली, ही आठवण ऑक्सफर्डमध्ये आजही सांगितली जाते.

इमारतीची कल्पना तत्कालीन गरजेला अनुसरून होती. मध्यभागी पोलादी सांगाड्याचे अकरा मजली ग्रंथभांडार, त्यांपैकी तीन मजले जमिनीखाली, आणि भोवती वाचनकक्ष व कार्यालये. रस्त्याखालून भुयार काढून जुन्या इमारतीशी संबंध जोडला होता आणि ग्रंथ यांत्रिक पट्ट्यावरून ये-जा करीत. साठवणुकीचे यंत्र म्हणून ही रचना उत्तम होती. शहराकडे मात्र तिने पाठ फिरविली होती. रस्त्यावरून जाणाऱ्यास दगडी भिंत दिसे. आत काय आहे याचा अंदाजही येत नसे.

काळाच्या ओघात तिचे गंभीर दोष उघड झाले. भांडाराचे मजले आगीला रोखणाऱ्या स्वतंत्र कप्प्यांत विभागलेले नव्हते. हस्तलिखितांना आवश्यक असे तापमान व आर्द्रता यांचे नियंत्रण आधुनिक मानकांना पुरे पडत नव्हते. जागा तर केव्हाच संपली होती. कमी मागणीचे काही साहित्य चेशायर परगण्यातील मिठाच्या खाणीत ठेवण्याची वेळ आली होती. दरम्यान २००३ मध्ये ही इमारत संरक्षित वास्तूंच्या यादीत दाखल झाली. म्हणजे ती पाडता येत नव्हती आणि आहे तशी वापरणेही धोक्याचे होते.

येथे आपल्या संस्थांना परिचित असा एक मोह होता. आहे त्याच भांडारात अग्निशमनाची साधने बसवावीत, रंगरंगोटी करावी आणि दोन दालने वातानुकूलित करून काम संपले असे मानावे. ऑक्सफर्डने हा मार्ग स्वीकारला नाही, कारण भांडार ग्रंथांनी भरलेले असताना त्याच्या रचनेला हात लावणेच शक्य नव्हते.

प्रथम ग्रंथांची व्यवस्था

नूतनीकरणाचा खरा प्रारंभ त्यामुळे मूळ इमारतीपासून दूर झाला. विद्यापीठाने प्रथम ऑक्सफर्ड शहरातच ऑस्नी मीड येथे स्वयंचलित ग्रंथागार बांधण्याची योजना आखली. शहराच्या प्रसिद्ध मनोऱ्यांच्या दर्शनास बाधा येईल आणि जागा पूरप्रवण आहे, असे आक्षेप घेण्यात आले व २००८ मध्ये ही योजना अपिलातही नामंजूर झाली. त्यानंतर सुमारे २८ मैलांवर, म्हणजे ४५ किलोमीटरवर, स्विंडन शहराजवळ जागा घेण्यात आली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील ग्रंथागार सुरू झाले. त्यासाठी २ कोटी ६० लाख पौंड खर्च आला. एकूण १५३ मैल लांबीच्या मांडण्या आणि सुमारे ८४ लाख ग्रंथांची क्षमता, असे त्याचे प्रारंभीचे स्वरूप होते.

या ग्रंथागाराची व्यवस्था आपल्या परिचित ग्रंथालयापेक्षा मुळातच भिन्न आहे. तेथे ग्रंथ विषयवार लावलेले नसतात, तर आकारानुसार लावलेले असतात. समान उंचीचे ग्रंथ एका खोक्यात ठेवले की दोन फळ्यांमधील रिकामी जागा वाया जात नाही. प्रत्येक ग्रंथाला, खोक्याला आणि फळीला बारकोड असतो. कोणता ग्रंथ कोठे आहे हे संगणकास ठाऊक असते. उंच मांडण्यांमधील अरुंद वाटांतून उचलयंत्रावर बसून कर्मचारी ग्रंथ काढतात आणि ते वाहनाने ऑक्सफर्डला पाठविले जातात. ग्रंथाच्या पाठीवरील वर्गांकापेक्षा तालिकेतील नोंद येथे महत्त्वाची ठरते. नोंद चुकली तर ग्रंथ असूनही नसल्यासारखाच.

म्हणूनच स्थलांतरापूर्वीचे काम सर्वांत कष्टाचे होते. साठ लाखांहून अधिक ग्रंथ आणि सुमारे बारा लाख नकाशे हलविले गेले. त्यासाठी प्रत्येक वस्तूची ओळख पटवून तिला बारकोड लावणे आवश्यक होते. चार शतकांत साचलेल्या संग्रहाची ही एक प्रकारे संपूर्ण पडताळणीच होती.

या बदलाची किंमतही होती. हवा असलेला ग्रंथ आता रस्त्यापलीकडून न येता दुसऱ्या शहरातून येऊ लागला. वाचकाचा वेळ वाचवावा, हा रंगनाथन यांच्या चौथ्या सूत्राचा आशय लक्षात घेतला तर हे नुकसान क्षुल्लक म्हणता येणार नाही. मात्र येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. बॉडलियनचे मोठे भांडार पूर्वीपासूनच बंद पद्धतीचे होते. वाचक मागणी नोंदवी आणि ग्रंथ वाचनकक्षात येई. मांडण्यांमधून हिंडत ग्रंथ चाळण्याची सोय तेथे नव्हतीच. त्यामुळे दूरच्या ग्रंथागारामुळे प्रतीक्षेचे स्वरूप बदलले, वाचनाची पद्धत बदलली नाही. मुक्तप्रवेश पद्धतीच्या ग्रंथालयाने असाच निर्णय घेतल्यास त्याचा परिणाम कितीतरी अधिक तीव्र होईल.

मोकळ्या झालेल्या जागेचे रूपांतर

ग्रंथ हलल्यानंतर दोन स्वतंत्र कामे शक्य झाली. पहिले काम रॅडक्लिफ चौकाखालील जुन्या भुयारी भांडाराचे. २०११ मध्ये ते 'ग्लॅडस्टन लिंक' या नावाने वाचकांसाठी खुले झाले. जेथे पूर्वी केवळ कर्मचारी जात, तेथे विद्यार्थी आता स्वतः मांडणीवरून ग्रंथ घेऊन बसू शकतात. याचा अर्थ असा की, लाखो कमी मागणीचे ग्रंथ दूर गेल्यामुळे अधिक मागणीचे ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाताजवळ आले.

दुसरे आणि मोठे काम न्यू बॉडलियनचे. विल्किन्सन आयर या वास्तुविशारद संस्थेच्या आराखड्यानुसार २०११ मध्ये ते सुरू झाले व मार्च २०१५ मध्ये 'वेस्टन ग्रंथालय' या नव्या नावाने इमारत जनतेसाठी खुली झाली. एकूण खर्च सुमारे ८ कोटी पौंड. त्यांपैकी अडीच कोटी पौंडांची देणगी गारफील्ड वेस्टन प्रतिष्ठानाची होती. बाहेरील दगडी वास्तू कायम ठेवून मधले पोलादी भांडार काढण्यात आले. दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखिते यांच्यासाठी अग्निसुरक्षित व हवामान-नियंत्रित नवी भांडारे करण्यात आली. वरच्या बाजूस नवा वाचनकक्ष, तसेच संवर्धन कार्यशाळा, व्याख्यानकक्ष आणि प्रदर्शन दालने यांची सोय झाली. रस्त्याकडील बंद भिंतीच्या जागी प्रवेशमार्ग उघडून भव्य सार्वजनिक दालन निर्माण करण्यात आले. विद्यापीठाचा सदस्य नसलेला नागरिकही आज या दालनात येऊन ग्रंथालयातील निवडक वस्तू पाहू शकतो. २०१६ मध्ये या इमारतीला ब्रिटनमधील स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत स्थान मिळाले.

वास्तूचे कार्य येथे बदलले, ही गोष्ट लक्षणीय आहे. सर्वसाधारण ग्रंथांचे कोठार असलेली इमारत आता विशेष संग्रहांचे अध्ययनकेंद्र झाली. भारतीय विद्येच्या अभ्यासकांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. नेपाळचे पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी १९०९ मध्ये बॉडलियनला सहा हजारांहून अधिक संस्कृत हस्तलिखिते भेट दिली होती. अशा संग्रहांचे आयुष्य भांडारातील हवामानावर अवलंबून असते.

विरोधाचे एक उदाहरण

ग्रंथ हलवून जागा मोकळी करण्याचा निर्णय सर्वत्र स्वीकारला जातोच असे नाही. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय हे विद्यापीठाचे ग्रंथालय नसले तरी संशोधन-ग्रंथालय म्हणून त्याची ख्याती आहे. तेथील मुख्य वाचनकक्षाखाली सात मजली भांडार आहे. ते काढून त्या जागी देवघेव ग्रंथालय करावे आणि बरेचसे ग्रंथ न्यू जर्सी राज्यातील ग्रंथागारात न्यावेत, अशी योजना तेथे आखण्यात आली. अभ्यासक व लेखकांनी तीव्र विरोध केला, प्रकरण न्यायालयातही गेले आणि २०१४ मध्ये योजना सोडून द्यावी लागली. पुढे शेजारच्या उद्यानाखालील साठवणुकीची जागा वाढविण्यात आली.

दोन्ही ठिकाणी वास्तुविशारद नामांकित होते आणि निधीची तरतूदही मोठी होती. फरक इतकाच की, न्यूयॉर्कमध्ये संशोधकाला आपला ग्रंथ दूर जाऊन त्या जागी आपल्या कामाशी संबंध नसलेली सोय येत आहे, असे वाटले. ऑक्सफर्डमध्ये मोकळी झालेली जागा त्याच वाचकवर्गाच्या उपयोगी पडत होती. ग्रंथ कोठे जातात या प्रश्नाइतकाच, त्यांच्या जागी काय येते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय

आता आजोबा स्कॉट यांच्या वास्तूकडे वळू. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. १८६९ मध्ये पायाभरणी झाली व १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. मनोऱ्याची उंची २८० फूट आहे. स्कॉट स्वतः मुंबईस कधी आले नाहीत. आराखडे इंग्लंडमधून पाठविले गेले.

२०१३ ते २०१५ या काळात या वास्तूचे संवर्धन करण्यात आले आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. त्याच वर्षी मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ही वास्तू त्या समूहाचा भाग आहे. हे काम संवर्धनाचे होते, विस्ताराचे नव्हते. वाढीची गरज विद्यापीठाने कालिना येथील संकुलातील जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाद्वारे भागविली. म्हणजे येथेही जुन्या वास्तूवरील ताण दुसऱ्या जागेने हलका केला. आजोबा व नातू यांच्या दोन वास्तूंचा अनुभव एकाच दिशेने बोट दाखवितो : ऐतिहासिक ग्रंथालयाचा विस्तार बहुधा त्याच्या बाहेर घडतो.

महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी बोध

ऑक्सफर्डची साधनसंपत्ती आपल्याजवळ नाही, हे उघड आहे. तरीही निर्णयांचा क्रम घेण्यासारखा आहे.

पहिला मुद्दा भाराचा. भारतीय मानकानुसार वर्गखोलीसाठी प्रति चौरस मीटर ३ किलोन्यूटन इतका भार गृहीत धरतात, तर ग्रंथभांडारासाठी किमान ६ किलोन्यूटन, आणि मांडण्यांची उंची वाढेल तसा त्याहून अधिक. शतकापूर्वीच्या लाकडी तुळयांच्या इमारतीत वर्गखोल्यांचे रूपांतर भांडारात करणे किंवा जुन्या मांडण्यांवर आणखी फळ्या चढविणे धोक्याचे असते, ते यामुळे. संरचना-अभियंत्याची तपासणी रंगकामाच्या निविदेआधी व्हावयास हवी.

दुसरा मुद्दा तालिकेचा. तालिका संगणकीकृत व विश्वसनीय नसेल तर ग्रंथ दुसऱ्या इमारतीत हलविणे म्हणजे ते हरविणेच होय. दाखलनोंद रजिस्टर आणि प्रत्यक्ष ग्रंथ यांची पडताळणी हे नूतनीकरणाचे पहिले काम समजावे व त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी.

तिसरा मुद्दा निवडीचा आहे आणि अध्यापकांची जबाबदारी येथे सर्वांत मोठी आहे. इन्फ्लिबनेटच्या 'एन-लिस्ट' योजनेमुळे महाविद्यालयांना अनेक इंग्रजी नियतकालिके संगणकावर उपलब्ध झाली आहेत. केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांसाठी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजनाही २०२५ पासून सुरू झाली आहे. त्यामुळे इंग्रजी शोधनियतकालिकांचे जुने बांधीव खंड दूर ठेवणे तुलनेने सोपे झाले आहे. मराठी नियतकालिकांच्या जुन्या फायली, जिल्ह्याजिल्ह्यातून निघालेले विशेषांक, संमेलनांच्या स्मरणिका, स्थानिक संस्थांचे अहवाल यांची गोष्ट वेगळी आहे. यांतील बहुतांश साहित्य कोणत्याही संगणकीय संग्रहात नाही. देवघेवीची आकडेवारी पाहिली तर हेच साहित्य सर्वांत कमी वापरलेले दिसते आणि निर्लेखनाच्या यादीत हेच प्रथम येते. मागणी कमी असणे आणि मूल्य कमी असणे यांतील भेद देवघेवीच्या नोंदींतून कळत नाही. तो त्या विषयाच्या अध्यापकालाच सांगता येतो. म्हणून निर्लेखनाची यादी प्रत्येक विभागाकडे लेखी अभिप्रायासाठी गेल्याशिवाय अंतिम होऊ नये.

संगणकीय प्रतीवर संपूर्ण विसंबण्यातही धोका आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून संगणकीय प्रकाशनेही प्रत-अर्पणाच्या कायद्याखाली आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकप्रणालीवर हल्ला झाला, तेव्हा बॉडलियनसारख्या सहभागी ग्रंथालयांतील वाचकांनाही हे साहित्य दीर्घकाळ मिळू शकले नाही. कागदी प्रत जपणे हा भावनेचा विषय नसून सुरक्षिततेचा आहे.

चौथा मुद्दा सहकार्याचा. एकेका महाविद्यालयाला स्वतंत्र ग्रंथागार परवडणार नाही. परंतु एका शहरातील चार-पाच जुन्या महाविद्यालयांनी मिळून कोरडी, वाळवीपासून सुरक्षित अशी एक जागा घेतली, सामाईक तालिका केली आणि ठरावीक दिवशी ग्रंथ पोहोचविण्याची व्यवस्था ठेवली, तर प्रत्येक नियतकालिकाची निदान एक संपूर्ण फाईल टिकेल. पाच ठिकाणी अपुऱ्या असलेल्या फायली एकत्र आल्यावर कित्येकदा एक पूर्ण संच तयार होतो.

समारोप

ग्रंथालयाच्या नूतनीकरणाचे यश उद्घाटनाच्या दिवशी दिसणाऱ्या दालनांवरून ठरत नाही. दहा वर्षांनी एखाद्या संशोधकाने जुना अंक मागितला तर तो सापडतो का आणि किती वेळात, यावर ते ठरते. बॉडलियनने वाचकांसाठी जागा निर्माण केली ती ग्रंथांची जबाबदारी सोडून नव्हे. आधी पडताळणी, मग सुरक्षित स्थलांतर आणि शेवटी वास्तूचे काम, हा क्रम तेथे पाळला गेला. आपल्या महाविद्यालयांत ग्रंथालयाचा नवा आराखडा चर्चेस येईल, तेव्हा अध्यापकांनी प्रथम नकाशा न मागता हलवावयाच्या व काढून टाकावयाच्या ग्रंथांची यादी मागावी. बांधकाम चुकले तर ते दुरुस्त करता येते. रद्दीत गेलेला नियतकालिकाचा एकमेव संच मात्र पुन्हा मिळत नाही.